गिटार कुठल्या देशाची?

हातातली कामं आटोपून रेडिओजवळ बसला असाल, तर बसा निवांत. एरवी मी तुमच्याशी बोलते ती कर्जाच्या हप्त्यांबद्दल, गटाच्या वह्यांबद्दल, शेळ्यांच्या विम्याबद्दल. आज मी गिटारीबद्दल बोलणार आहे. हसू नका. आमच्या एका गटाची अख्खी मासिक बैठक या गिटारीने खाल्ली, म्हणून तर ही गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

झालं असं. गटातल्या एका ताईंनी आठ हजार रुपयांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "लेकीला गिटार घ्यायची आहे." लेक अकरावीत. शाळेतल्या एका सरांची जुनी गिटार मागून मागून ती दीड वर्ष शिकली. सरांची बदली झाली, त्यांच्याबरोबर गिटारही गेली. पोरगी तोंडाने काही मागत नाही. पण संध्याकाळी लाटणं आडवं धरून त्यावर बोटं हलवत बसते, असं ताई सांगत होत्या.

बैठकीत चार तोंडं, चार मतं. एक म्हणाली, "ही चैन झाली. गटाचा पैसा चैनीला नाही." तिला दुसरीने गप्प केलं, "पोराच्या मोबाइलला तू कर्ज घेतलंस, तेव्हा कोणी बोललं का?" मग गाडी वळली ती गिटार कुठली घ्यायची याकडे. "चायनाची नको, सहा महिन्यांत मोडते." "आपल्याकडची नको, इंपोर्टेड घ्या." "इंपोर्टेड म्हणजे अमेरिकेची. जपानची पण चांगली." "माझा भाचा मुंबईला असतो, तो म्हणतो इंडोनेशियाची घ्यावी." आमच्यातल्या एकीनेही कधी गिटार हातात धरली नव्हती, पण देश मात्र सगळ्यांना ठाऊक होते.

शेवटी ठरलं की निर्णय पुढच्या बैठकीत घ्यायचा. तोवर समन्वयकबाईंनी, म्हणजे मी, चौकशी करायची. गिटार कुठल्या देशात बनली यावर तिची प्रत ठरते का? गटाचे आठ हजार पाण्यात जाणार नाहीत ना?

यात माझी स्वतःची एक दुखरी नस आहे, तीही सांगून टाकते. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. शिकवण्या घेऊन थोडे पैसे साठवले होते. धाकट्या भावाला गिटारीचं वेड. एका ओळखीच्या माणसाकडून जुनी गिटार घेतली. त्याने तिच्या पोटातल्या भोकातून आतला कागद दाखवला. त्यावर मोठ्या अक्षरात अमेरिकेतल्या एका शहराचं नाव. मला वाटलं, लॉटरीच लागली. पैसे मोजून दिले. घरी आणली तर तारा मानेपासून इतक्या वर, की दाबताना पोराच्या बोटांची सालटं निघाली. महिनाभर झटला, मग त्याने ती भिंतीला टेकवली ती कायमची. "मला जमत नाही," म्हणाला. पुष्कळ दिवसांनी एका वाजवणाऱ्याने ती गिटार पाहिली. तो म्हणाला, "ताई, कागदावरचं मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीच्या कचेरीचं आहे. खाली बारीक अक्षरात बघा, बनली आहे दुसऱ्याच देशात. आणि तिथे बनली म्हणून ती वाईट नाही. मूळची चांगलीच होती. कोणीतरी पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवून दोन-चार उन्हाळे तापवली, म्हणून तिची मान वाकली आहे." म्हणजे मी देश वाचला तोही चुकीचा, आणि जे बघायला हवं होतं ते बघितलंच नाही. भावाला वाटत राहिलं, आपल्यालाच जमत नाही.

म्हणून या वेळी मी नीट चौकशी केली. बदली झालेल्या सरांना फोन केले, वाचनालयातून आणि मोबाइलवरून वाचलं, आणि ताईंना, त्यांच्या लेकीला घेऊन जिल्ह्याच्या गावी दुकानात गेले. जे समजलं ते तुमच्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट जपानची. आज आपण जपानी वस्तू म्हटलं की मान डोलावतो. पण साठीच्या दशकात अमेरिकेत जपानी माल म्हणजे स्वस्तातला, हलका माल असं समजलं जायचं. गिटारीचंही तसंच. जपानी कारखाने अमेरिकन गिटारींच्या नकला करायचे, आणि लोक नाक मुरडायचे. पण ते कारखाने शिकत गेले. नकला इतक्या सरस झाल्या, की १९७७ मध्ये अमेरिकेतल्या गिब्सन या नामांकित गिटारीच्या मालकांनी, आयबानेझ या जपानी गिटारी अमेरिकेत विकणाऱ्या कंपनीवर दावा लावला. भांडण गिटारीच्या डोक्याच्या आकारावरून होतं. वाईट नकलेची कोणी एवढी धास्ती घेतं का? आणि १९८२ मध्ये फेंडर या दुसऱ्या मोठ्या अमेरिकन कंपनीने तर जपानमध्येच आपली शाखा काढली आणि मात्सुमोतो गावच्या कारखान्याकडून गिटारी बनवून घेतल्या. त्या सुरुवातीच्या जपानी गिटारी आज हौशी लोक शोधून शोधून विकत घेतात. देश तोच, बेटं तीच. वीस वर्षांत नाव कुठून कुठे गेलं बघा.

आता याच फेंडर कंपनीची अमेरिकेतली गोष्ट ऐका. लिओ फेंडर नावाच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाने १९४६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावी ही कंपनी काढली. १९६५ मध्ये ती सीबीएस या बड्या कंपनीने विकत घेतली. गाव तेच, कारखाना तिथेच, गिटारीवरचं नाव तेच. पण पुढच्या काळात गिटारी जास्त काढायच्या आणि खर्च कमी करायचा, असं धोरण आलं. सत्तरीच्या दशकातल्या पुष्कळ गिटारी जड निघाल्या, मानेचे सांधे ढिले निघाले. वाजवणारे तक्रार करायला लागले. जुनी, १९६५ च्या आधीची गिटार मिळाली तर घ्या, असं बोललं जाऊ लागलं. शेवटी १९८५ मध्ये कंपनीतल्याच काही लोकांनी ती विकत घेतली. त्या सौद्यात जुना कारखाना त्यांना मिळाला नाही, म्हणून काही काळ अमेरिकन कंपनीच्या बऱ्याचशा गिटारी जपानमधूनच येत होत्या. नंतर त्यांनी कॅलिफोर्नियातच कोरोना गावी कारखाना उभा केला, आणि १९८७ मध्ये सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या एन्सेनाडा गावी दुसरा.

म्हणजे देश जागेवरच होता आणि प्रत घसरली. मग प्रत ठरते कशाने?

याचं उत्तर मला कुठल्या पुस्तकात मिळण्याआधी एस.टी.त मिळालं. जिल्ह्याच्या गावी जाताना मी हे सगळं ताईंना सांगत होते. त्या लग्नानंतर सहा-सात वर्षं पुण्याकडच्या एका शिलाई कारखान्यात होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, यात नवल काय? मी एकाच मशिनीवर दोन पार्ट्यांचे शर्ट शिवलेत. एका पार्टीचा शर्ट आला की सुपरवायझर सांगायचा, टाका बारीक घ्या, धागा चांगला, प्रत्येक पीस तपासून पुढे. दुसऱ्या पार्टीचा आला की टाका मोठा, धागा हलका, आणि तासाला पीस जास्त. दोन्हीवर लिहिलेलं एकच, भारतात बनलेला. हातही माझेच."

मी गप्पच बसले. बैठकीत इतक्या जणी देशांवरून भांडत होत्या, आणि ज्या बाईने हे स्वतःच्या हाताने केलं होतं तिला कोणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

गिटारीचं अगदी असंच आहे. कंपनी कारखान्याला सांगते, अमुक किमतीला बसेल अशी गिटार पाहिजे. त्या किमतीवरून ठरतं की वरची फळी अखंड लाकडाची की थर चिकटवलेल्या प्लायची, लाकूड किती दिवस सुकवायचं, पडद्यांची टोकं हाताने घासून गोल करायची की तशीच सोडायची, शेवटी किती जणांनी तपासायचं आणि किती गिटारी नापास करायच्या. एकाच छपराखाली एका बाजूला हलकी गिटार बनते आणि दुसऱ्या बाजूला महागातली. आज इंडोनेशियात, चीनमध्ये असे कारखाने आहेत, की एकाच कारखान्यातून अनेक कंपन्यांच्या नावाने गिटारी बाहेर पडतात.

मग देशाचा काहीच संबंध नाही का? आहे. तो नाकारला तर मी तुम्हाला अर्धंच सांगितल्यासारखं होईल. मजुरी देशाप्रमाणे बदलते. अमेरिकेत कामगाराचा तास महाग, म्हणून तिथे हलकी गिटार बनवणं परवडतच नाही. तिथे बहुधा महागातलीच बनते, आणि आपल्याला वाटतं की तो देशाचा गुण आहे. उलट जिथे मजुरी कमी, तिथे स्वस्तातला माल जास्त बनतो, म्हणून त्या देशाचं नाव खराब होतं. शिवाय जुनी गिटार विकायला काढली तर आतल्या कागदावरच्या देशाप्रमाणे गिऱ्हाईक कमीजास्त पैसे देतं. तो फरक खराच आहे, पण बाजारातल्या नावाचा आहे. कानाला तो ऐकू येईलच असं नाही.

आणि या मजुरीच्या हिशेबामागे माणसं असतात. दक्षिण कोरियात एका मोठ्या गिटार कंपनीने २००७ च्या सुमारास आपले तिथले कारखाने बंद केले आणि काम इंडोनेशिया आणि चीनमधल्या कारखान्यांकडे गेलं. कामावरून काढलेले कामगार, त्यांत बायाही होत्या, वर्षानुवर्षं आंदोलन करत राहिले. तडजोड झाली ती २०१९ मध्ये. ज्यांनी आयुष्यभर गिटारी घडवल्या त्यांच्यातल्या काहींनी या आंदोलनातच पहिल्यांदा गिटार वाजवायला घेतली आणि बँड काढला. गिटारीवर देशाचं नाव बदलतं तेव्हा कुठेतरी असं घडलेलं असतं.

आता हातांचा विषय निघालाच आहे, तर बायांच्या दोन गोष्टी सांगते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले पुरुष सैन्यात गेले. मिशिगन राज्यात कलमाझू गावी गिब्सनचा कारखाना होता. तिथे बायांना कामावर घेतलं. त्यांच्यातल्या बहुतेकींनी आधी गिटार कधी बनवली नव्हती. १९४२ ते १९४५ या काळात त्यांनी ज्या गिटारी बनवल्या त्या आज फार मोलाच्या समजल्या जातात. गंमत बघा, युद्धात आम्ही गिटारी बनवल्याच नाहीत, असं कंपनीच्या इतिहासात पुढे कितीतरी वर्षं सांगितलं जात होतं. जॉन थॉमस नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकांना कारखान्यापुढे बसलेल्या बायांचा एक जुना फोटो दिसला. त्यांनी त्या बायांचा शोध घेतला, ज्या हयात होत्या त्यांना भेटले, त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. त्यांनी त्या गिटारींचे एक्स-रेसुद्धा काढले. बायांच्या हातच्या गिटारींचे आतले भाग अधिक नाजूक तासलेले आढळले, असं ते सांगतात.

दुसरी गोष्ट फेंडरच्याच कारखान्यातली. अ‍ॅबिगेल इबारा नावाची बाई तिथे १९५६ मध्ये कामाला लागली. विजेच्या गिटारीत तारांचा आवाज पकडणारा एक छोटा भाग असतो. त्याच्यावर केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळावी लागते. ते काम ती हाताने करायची. ती २०१३ मध्ये निवृत्त झाली. तिच्या हातचा, तिची आद्याक्षरं घातलेला तो भाग मिळावा म्हणून मोठमोठे वाजवणारे धडपडायचे. एकाच कारखान्यातल्या एकसारख्या दिसणाऱ्या वस्तूंमधूनही लोक तिचा हात ओळखून मागत होते.

तुम्ही म्हणाल, मग गावाला, जागेला काही किंमतच नाही का? मिरजेचं काय? बरोबर विचारलंत. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे मिरजेच्या नावाने वाद्य विकायचं तर ते तिथलंच असलं पाहिजे. ते नाव उगाच नाही मिळालं. पूर्वी हत्यारांना धार लावणारी शिकलगार मंडळी वाद्यं घडवायला लागली, आणि दीडशेहून जास्त वर्षं बापाकडून लेकाकडे ही विद्या गेली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठे भोपळे त्यांना मिळत गेले. जवारी लावणं, म्हणजे घोडी घासून घासून तारेचा झंकार खुलवणं, हे कानाने करायचं काम तिथल्या घराघरांत मुरलं. जागेला गुण येतो तो असा, पिढ्यान्‌पिढ्या तिथे टिकून राहिलेल्या हातांनी आणि हाताशी असलेल्या मालाने. तेच मिरजेचं नाव कोणी दुसरीकडे घाईने बनवलेल्या तानपुऱ्यावर चिकटवलं, तर तो मिरजेसारखा वाजणार नाही.

आणि गिटारीत तर गावं, देश इतके मिसळलेले असतात की काय सांगू! अमेरिकेतली मार्टिन ही गिटारीची जुनी कंपनी. तिचा संस्थापक १८३३ मध्ये जर्मनीतून तिकडे गेला. म्हणजे हात जर्मनीचे. गिटारीच्या पाठीला आणि बाजूंना ते ब्राझीलचं शिसवी लाकूड वापरायचे. ते मिळेनासं झालं तेव्हा १९६९ च्या सुमारास ते भारतातल्या शिसवी लाकडाकडे वळले. आपल्या सह्याद्रीच्या जंगलात वाढतं, जुन्या वाड्यांतल्या पलंगांना, कपाटांना असायचं, तेच शिसवी लाकूड. आज जगभरातल्या चांगल्या गिटारींत ते असतं. वरची फळी कॅनडा-अलास्काकडच्या झाडाची, पाठ भारताची, खुंट्या आणखी कुठल्या देशाच्या. अशा गिटारीवर अमेरिकेत बनलेली असं लिहिलं, तर ते खोटं नाही. पण तेवढ्यावरून तिच्याबद्दल सगळं कळलं असंही नाही.

चला, आता दुकानात जाऊ. दुकानदाराने आमच्यापुढे चार गिटारी ठेवल्या. एक कोलकात्याकडे बनलेली, एक चीनची, आणि दोन इंडोनेशियाच्या. या दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, एकाच किमतीच्या. सरांनी फोनवर सांगितलेली यादी मी कागदावर लिहून नेली होती. ती तुम्हीही लिहून घ्या. लेकरासाठी, भाच्यासाठी, शाळेसाठी कधी ना कधी उपयोगी पडेल. जुनी घ्या नाहीतर नवी, बघायचं हेच.

एक, मान बघायची. काठी सरळ आहे का हे आपण डोळ्यासमोर धरून बघतो, तसं डोक्याच्या बाजूने मानेवरून बघायचं. किंचित खोलगट असेल तर चालतं. पिळलेली किंवा धनुष्यासारखी वाकलेली नको.

दोन, तारांची उंची. बाराव्या पडद्यावर तार आणि पडदा यांच्यामध्ये दोन-तीन मिलिमीटरचं अंतर असावं. रुपयाची दोन नाणी एकावर एक जेमतेम बसतील एवढं. त्याहून जास्त असेल तर नवशिक्याची बोटं सोलून निघतात आणि पोर नाद सोडतं. माझ्या भावाचं तेच झालं. ही उंची बरेचदा कमी करता येते, चांगला दुकानदार ते करून देतो. घेण्याआधीच करून मागायचं.

तीन, मानेच्या कडेने तळहात फिरवायचा. पडद्यांची टोकं बोचता कामा नयेत. टोकं घासायला वेळ दिला की नाही, हे इथे कळतं.

चार, प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून वाजवायची. सहा तारा आणि वीसेक पडदे, दहा मिनिटं लागतात. लाजायचं नाही. कुठे कर्रकर्र आवाज येतो का, कुठे सूर दबतो का ते ऐकायचं.

पाच, मोकळी तार वाजवायची आणि मग तीच बाराव्या पडद्यावर दाबून वाजवायची. सूर तोच, फक्त वरच्या सप्तकातला यायला हवा. मोबाइलवर सूर दाखवणारं ॲप मिळतं, त्यात बघायचं. इथे सूर चुकत असेल तर पोरगी कितीही मेहनत करो, गाणं बेसूरच वाटणार.

सहा, खुंट्या फिरवून बघायच्या. अडखळू नयेत, सैल नसाव्यात. एकदा सुरात लावून दहा मिनिटांनी परत ऐकायचं.

सात, घोडीच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून बघायचा. कागद आत शिरला तर घोडी सुटायला लागली आहे.

आणि आठवं, आतला कागद वाचायचाच. पण मोबाइलची बॅटरी लावून बारीक अक्षरांसकट, आणि वरच्या सात गोष्टी झाल्यानंतर. वरच्या फळीबद्दल दुकानदार अखंड लाकूड म्हणाला, तर भोकाच्या कडेला बघा. लाकडाच्या रेघा कडेवरून सरळ आत उतरत असतील तर फळी अखंड. पापुद्र्यासारखे थर दिसले तर प्लाय. प्लायला नाक मुरडू नका, स्वस्त असते आणि ऊन-पाऊस जरा जास्त सोसते. फक्त प्लायच्या गिटारीला अखंड फळीचे पैसे देऊ नका.

आमच्या चार गिटारींचं काय झालं? चीनच्या गिटारीचे पडदे इतके सफाईदार होते की मी चाटच पडले. पण तिची मान लेकीच्या हाताला जाड पडत होती. कोलकात्याकडचीचा आवाज भरदार होता, पण दोन खुंट्या अडकत होत्या आणि तारा फार वर होत्या. इंडोनेशियाची पहिली घेतली तर पाचव्या पडद्यावर कर्रकर्र. तिचीच जोडीदारीण, शेजारच्या खोक्यातून काढलेली, तिच्यात एकही खोट सापडली नाही. एकच देश, एकच कंपनी, एकच मॉडेल, आणि एक नापास, एक पास. पोरीने ती मांडीवर घेतली. दीड वर्ष शिकलेलं सगळं तिने पहिल्या पाच मिनिटांत वाजवून घेतलं. बोटांना आठवत होतं सगळं. ताई दुकानाच्या दारात पाठ करून उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

त्या दिवशी विकत घेतली नाही. कर्ज मंजूर व्हायचं होतं. दुकानदाराला हजार रुपये इसार देऊन तीच गिटार बाजूला ठेवायला सांगितली, आणि तिचा आतला नंबर लिहून घेतला, म्हणजे ऐनवेळी पाचव्या पडद्यावाली गळ्यात पडायला नको.

पुढच्या बैठकीत मी माझं सगळं सांगितलं, पण आधी ताईंना बोलायला लावलं. त्यांनी शर्टांची गोष्ट सांगितली. "चायनाची नको" म्हणणारी बाई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मागे शहरातल्या प्रदर्शनात आपल्या मसाल्याला एक बाई म्हणाली होती, खेड्यातला आहे, स्वच्छ असेल कशावरून? पुडी उघडूनसुद्धा बघितली नाही तिने." कोणीच काही बोललं नाही. सगळ्यांना तो दिवस आठवत होता. मसाला तर आम्ही सगळ्यांनी मिळून कुटला होता.

कर्ज मंजूर झालं. आठ हजार, दहा हप्ते, गटाच्या नेहमीच्या व्याजाने. ज्या बाईला चैन वाटत होती तिने एकच अट घातली, येत्या हळदीकुंकवाला पोरीने सगळ्यांसमोर वाजवून दाखवायचं. पोरगी कबूल झाली आहे.

आता गिटार घरी आली की काय करायचं, तेही सांगते. कारण ती कुठे बनली यापेक्षा ती तुमच्या घरात कुठे राहते, यावर तिचं आयुष्य जास्त अवलंबून आहे. लाकूड हवेतली ओल पितं आणि सोडतं. गिटार बनवणारे सांगतात, हवेत साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता असली की गिटार सुखात असते. आपल्याकडे वैशाखात हवा कोरडी ठणठणीत आणि श्रावणात भिंतीला बुरशी. म्हणून पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवायची नाही. चुलीजवळ नाही, उन्हात नाही, ओल्या भिंतीला टेकवून नाही. वाजवून झाली की तारा कोरड्या फडक्याने पुसायच्या, घामाने गंजतात. पिशवीत घालून आतल्या भिंतीला, सावलीत ठेवायची. भर उन्हात बंद गाडीत सोडून जायची नाही. तारा काही महिन्यांनी बदलाव्या लागतात, तो खर्च आधीच धरायचा. पावसाळ्यात तारा वर आल्यासारख्या वाटल्या तर घाबरायचं नाही. जाणत्याकडून मानेतली सळई थोडी फिरवून घ्यायची. आपण पकड घेऊन प्रयोग करायचे नाहीत.

माझ्या भावाची ती जुनी गिटार अजून घरात आहे. परवा मी ती सरांच्या ओळखीच्या एका कारागिराकडे पाठवली. घोडी परत चिकटवता येईल, मान बरीचशी सरळ होईल, असं तो म्हणतोय. भावाला अजून सांगितलेलं नाही. दुरुस्त होऊन आली की त्याच्या हातात देणार आहे.

तर मैत्रिणींनो, तुमच्या गटात असं कोणी वेगळ्याच वस्तूसाठी कर्ज मागितलं असेल, शिवण्या-टिपण्याच्या, विणण्याच्या कारखान्यात कोणी काम केलं असेल, तर आपल्या केंद्रावर कळवा. तुमच्या हातच्या गोष्टी आम्हाला ऐकायच्या आहेत. पुढच्या वेळी मी परत आपल्या वळणावर येईन. वर्षअखेरीला गटाचा हिशेब कसा बंद करायचा, त्याबद्दल बोलू. वही आणि पेन जवळ ठेवा. नमस्कार.